सोसायटीच्या अ‍ॅपमधे 'दर महिन्याला', 'दिवसाआड', 'संकष्टीला' हे सगळं शेड्यूल कसं करायचं?

खजिनदार_बी_विंग

नमस्कार मंडळी,

ठाण्यात आमची तीन विंगची सोसायटी आहे. नोटीस बोर्ड कोणी वाचत नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्याची सूचना टाकली की पाच मिनिटांत ती गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली जाते. म्हणून बी विंगमधली कॉलेजातली दोन पोरं आणि मी मिळून एक छोटं अ‍ॅप करायला घेतलंय. मी मूळचा अकाउंट्सवाला पण जावा बऱ्यापैकी येतं, पोरं हुशार आहेत.

लॉगिन, बिल, तक्रारी हे सगळं झालं, गाडी अडलीये ती कॅलेंडरवर. आमच्याकडचे कार्यक्रम असे: टाकी दर तीन महिन्यांनी धुवायची, कमिटी मीटिंग महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मेंटेनन्सचं बिल महिन्याच्या शेवटच्या दिवशी, पाणी सध्या दिवसाआड, गेटजवळच्या गणपतीची आरती दर संकष्टीला चंद्रोदयाला, आणि वर्षातून एकदा एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, जी ३० सप्टेंबरच्या आत व्हायलाच लागते आणि तिची नोटीस आधी द्यावी लागते.

पोरं म्हणतात, काका, पुढच्या पाच वर्षांच्या सगळ्या तारखा आत्ताच काढून डेटाबेसमधे ओतून टाकू. मी म्हणतो नुसता नियम साठवा आणि तारीख लागेल तेव्हा काढा. दोन रविवार वाद चाललाय. कोणाचं बरोबर?

तिरकस

दोघांचंही चूक. वॉचमनला शिट्टी द्या. रिकरिंग इव्हेंट, ऑफलाइन चालतो, बॅटरी लागत नाही.

निवांत

वाचतोय. आमच्या सोसायटीतही हेच रामायण आहे.

आयटी_हमाल

खजिनदार साहेब, तुम्ही दोघंही अर्धे बरोबर आहात. नियम हा मूळ कागद आणि तारखा ही त्याची नक्कल, असं धरून चाला.

नुसत्या तारखा ओतल्या तर उद्या कमिटीने दुसऱ्या रविवारचा तिसरा केला की पाच वर्षांच्या ओळी खोडत बसा, आणि पाच वर्षं संपल्यावर एके दिवशी सगळं गपचूप बंद पडेल, तोवर पोरं नोकरीला लागून बंगलोरला गेलेली असतील. नुसता नियम ठेवला तर 'मार्चच्या मीटिंगला कोण आलं होतं' हे कुठे चिकटवणार? हजेरी, मिनिट्स, 'टाकी धुतली' ही टिकमार्क, या सगळ्याला एक खरीखुरी ओळ लागते. म्हणून नियम कायमचा साठवायचा आणि रोज रात्री एक जॉब, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, चालवून पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या ओळी तयार करून ठेवायच्या. खिडकी पुढे सरकत राहते.

नियम कसा लिहायचा हे स्वतः शोधू नका. आयकॅलेंडर म्हणून जुना स्टँडर्ड आहे, पहिली आवृत्ती १९९८ ची, आत्ताची आरएफसी ५५४५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांक लावलेला कागद) ही २००९ ची. गूगल कॅलेंडर, आउटलुक, अ‍ॅपल सगळे तीच भाषा बोलतात. त्यात आररूल म्हणजे नियम, आरडेट म्हणजे नियमाबाहेरच्या जादा तारखा आणि एक्सडेट म्हणजे वगळलेल्या तारखा. जावात आयकॅलफोरजे आहे, पायथनमधे डेटयूटिल. तयार मिळतंय ते घ्या.

आणि बिलाचं बघा. 'दर महिन्याच्या ३१ तारखेला' असं लिहिलंत तर वर्षात सातच बिलं जातील, कारण स्टँडर्डप्रमाणे जी तारीख अस्तित्वातच नाही ती सरळ सोडून देतात, तीसवर आणत नाहीत. तिथे दिवसाचा आकडा उणे एक टाकायचा, म्हणजे शेवटून पहिला. काही लोक हे टाळायला मागच्या तारखेत एक महिना मिळवत जातात, ते आणखी वाईट. ३१ जानेवारीत महिना मिळवला की २८ फेब्रुवारी, त्यात महिना मिळवला की २८ मार्च, आणि मग जन्मभर २८ च. नेहमी सुरुवातीच्या तारखेपासून मोजायचं, मागच्यापासून नाही.

पेठेतला

म्युच्युअल फंडवाले म्हणूनच बहुतेक एसआयपीला २८ पर्यंतच तारीख घेतात. तीन दिवस उडवले, प्रश्न मिटला. तुम्हीही बिल २८ ला काढा की, शेवटच्या दिवसाचा हट्ट कशाला?

खजिनदार_बी_विंग

पेठेतला, ऑडिटर ऐकत नाही हो. शेवटचा दिवस म्हणजे शेवटचा दिवस.

हमाल दादा, एक नंबर माहिती. उणे एक हे माहीत नव्हतं, पोरांना दाखवलं, ती गप्प झाली.

मुग्धा_लिहिते

हमाल यांच्या शेवटच्या ओळीइतकीच महत्त्वाची एक गोष्ट सांगते. आमच्या सोसायटीने एका कंपनीचं तयार अ‍ॅप घेतलं होतं, नाव नाही घेत. मीटिंग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असायची. नवीन चेअरमन आले, त्यांनी शनिवार केला. अ‍ॅपमधे एकच बटण होतं, बदला. दाबलं. आणि मागच्या सगळ्या मीटिंगाही शनिवारी झाल्या! मिनिट्सच्या पीडीएफवर रविवारची तारीख, अ‍ॅपमधे शनिवार. नेमका तेव्हा एका मेंबरचा पार्किंगवरून वाद उपनिबंधकांकडे गेलेला. त्यांच्या वकिलाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं की सभा नक्की झाली तरी कधी. सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा होता.

तर काका, झालेली गोष्ट गोठवा. नियम बदलला तरी मागच्या ओळीला हात लागता कामा नये.

निवांत

बाप रे. मग गूगल कॅलेंडरमधे ते विचारतात ना, 'फक्त हा', 'हा आणि पुढचे', 'सगळे', ते आतून काय करतात? मी कायम घाबरून पहिलाच पर्याय दाबतो.

आयटी_हमाल

@निवांत, 'फक्त हा' दाबलं की त्या एका दिवसासाठी अपवादाची वेगळी नोंद होते, मूळ मालिकेला धक्का नाही. 'हा आणि पुढचे' म्हटलं की साधारणपणे मालिका कापतात, जुनीला 'अमुक तारखेपर्यंत' अशी शेवटची तारीख लावायची आणि तिथून नवीन नियमाची नवीन मालिका सुरू करायची. गूगलच्या एपीआयच्या, म्हणजे प्रोग्रामरांसाठीच्या जोडणीच्या, माहितीतही हीच रीत सांगितलीय. मुग्धाताईंच्या सोसायटीला हेच पाहिजे होतं.

गंमत अशी की कापल्यावर त्या दोन मालिका एकमेकींना ओळखत नाहीत. आधी पुढच्या दिवाळीची मीटिंग वगळून ठेवली असेल तर तो अपवाद नवीन मालिकेत स्वतः हलवावा लागतो, नाहीतर लक्ष्मीपूजनाला मीटिंगची घंटा वाजते.

तिरकस

आमच्याकडे लक्ष्मीपूजनालाच मीटिंग घ्यायला पाहिजे, तेव्हाच सगळे थकबाकीदार घरी सापडतात.

शेतकरी_पोर

मी निफाड साइडचा, सोसायटी वगैरे नाही पण दिवसाआडवरून आठवलं. काका, तुमच्या दिवसाआडचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ठेवा.

एक म्हणजे ठरलेलं वेळापत्रक. सोमवारी पाणी आलं नाही तरी पुढचा नंबर बुधवारीच. दुसरं म्हणजे झाल्यापासून मोजायचं. पाइपलाइन फुटली, सोमवारचं पाणी मंगळवारी सोडलं, तर पुढचं गुरुवारी. नगरपालिका काय करते हे आधी विचारून घ्या, आमच्या गावात तर कधी असं कधी तसं चालतं.

शेतातही तेच. थ्री फेज लाइटचा नंबर ठरलेला असतो, या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री, तुम्ही मोटर चालवा नाहीतर नका चालवू. पण द्राक्षावरची फवारणी मागच्या फवारणीपासून मोजायची, पाऊस झाला आणि दोन दिवस पुढे गेली तर पुढची सगळी पुढे. मी टुडूइस्ट हे कामांच्या यादीचं अ‍ॅप वापरतो, त्यात नुसतं एव्हरी लिहिलं तर ठरलेल्या तारखेने येतं आणि एव्हरीला चिकटून उद्गारचिन्ह टाकलं तर काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून मोजतं. एका चिन्हाचा फरक आहे पण माझ्या बागेचं वेळापत्रक त्यावर चालतं.

टाकी धुणं पण दुसऱ्या प्रकारातलं असणार बघा.

खजिनदार_बी_विंग

पोरा, हे भारी सांगितलंस. टाकीवाला ठरलेल्या तारखेला आजवर आलेला नाही, त्यामुळे टाकी दुसऱ्या प्रकारात. पाण्याचं वॉर्ड ऑफिसला विचारतो.

रानमेवा

आमच्या गावात वरच्या आळीला पाणी 'विषम तारखेला', खालच्या आळीला सम तारखेला असं ठरवलेलं. बोर्डावर लिहायला सोपं. ३१ ला पाणी, लगेच १ ला पाणी, वरची आळी खूष, खालची आळी दोन दिवस कोरडी. भांडणं झाली. मग ठरलं की ३१ चं पाणी खालच्या आळीला, पण हे पंपवाल्या अण्णांना सोडून कोणाच्या लक्षात राहायचं नाही. आता हा अपवाद टाका तुमच्या आररूलमधे :)

आयटी_हमाल

@रानमेवा, टाकता येतो. अण्णा हे एक्सडेटचं सर्वर समजा.

पेठेतला

एवढा काथ्याकूट कशाला? सगळ्या वेळा यूटीसीत, म्हणजे ग्रिनिचच्या जागतिक वेळेत, साठवा, दाखवताना साडेपाच तास मिळवा. इंडस्ट्री स्टँडर्ड आहे. विषय संपला.

जर्सीकर

पेठेतला, विषय संपला नाही, आमचा तिथूनच सुरू होतो.

माझी मुलगी पुण्याच्या एका बाईंकडे ऑनलाइन गाणं शिकते, दर शनिवारी भारतातले रात्रीचे ८. इथे न्यू जर्सीत थंडीत ते सकाळी ९:३० असतं आणि उन्हाळ्यात १०:३०. आता ८ मार्चला आमची घड्याळं तासभर पुढे जाणार. तिच्याच क्लासमधली लंडनची मुलगी आहे, त्यांचं घड्याळ २९ मार्चला सरकणार. म्हणजे मधले तीन आठवडे आमची वेळ बदललेली, त्यांची नाही. पालकांच्या ग्रुपवर दर वर्षी याच दिवसांत 'क्लास किती वाजता?' हा प्रश्न चालू असतो. आणि बाई शांतपणे म्हणतात, 'अहो माझ्याकडे आठच वाजतात.'

ज्यांनी हा क्लास न्यू जर्सीच्या वेळेत कॅलेंडरला टाकला त्यांच्याकडे तो मार्चपासून तासभर चुकतो. ज्यांनी भारतीय वेळेत टाकला त्यांच्याकडे आपोआप सरकतो. मालक कोण ते ठरवायचं. वेळ बाईंची आहे, तर झोन बाईंचा.

आयटी_हमाल

जर्सीकरांना अनुमोदन.

पेठेतला, यूटीसी झालेल्या गोष्टीसाठी उत्तम. बिल कधी भरलं, लॉगिन कधी केलं. पण पुढे होणाऱ्या, परत परत होणाऱ्या गोष्टीसाठी भिंतीवरच्या घड्याळातली वेळ आणि झोनचं नाव ठेवायचं, आपल्यासाठी एशिया/कोलकाता. नुसते साडेपाच तास नाही, झोनचं नाव. सरकारं नियम बदलतात. मेक्सिकोने २०२२ मधे बहुतेक भागात घड्याळ सरकवणं बंद केलं, इजिप्तने २०२३ मधे परत सुरू केलं. ज्यांनी पुढच्या सगळ्या वेळा आधीच यूटीसीत करून ठेवल्या होत्या त्यांच्या मीटिंगा तासाने हलल्या.

तुम्ही म्हणाल भारतात घड्याळ सरकतच नाही, मला काय त्याचं. तर हे घ्या ठाण्यातलंच उदाहरण. समजा काकड आरती महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे ५ ला. यूटीसीत ती शनिवार रात्री ११:३०. म्हणून प्रोग्रामरने नियम केला 'पहिला शनिवार, ११:३०'. बहुतेक महिने बरोबर चालेल. पण १ मार्च २०२६ रविवार आहे. आरती १ ला पाहिजे, म्हणजे यूटीसीत २८ फेब्रुवारी, जो फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. तुमचा नियम मार्चचा पहिला शनिवार शोधणार, ७ तारीख, आणि आरती होणार ८ ला पहाटे. देव आठवडाभर झोपलेले.

पेठेतला

हं. हे पटलं. पण 'विषय संपला' म्हणण्यात एक मजा असते ती तुम्हाला कळायची नाही.

घड्याळवाला_काका

भारतात घड्याळ सरकत नाही असं म्हणू नका हो, सरकलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ आपली वेळ ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होती. आणि आमच्या मुंबईची तर त्याहून मजा. भारतीय प्रमाणवेळ १९०६ ला आली तरी मुंबईत मुंबई टाइम १९५५ पर्यंत चालू होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आमचे वडील सांगायचे की कोणी वेळ दिली तर आधी विचारायचं, स्टँडर्ड की बॉम्बे? गाडी एका घड्याळाने आणि ऑफिस दुसऱ्या. तुमचं अ‍ॅप तेव्हा असतं तर पोरांनी कॉलेज सोडलं असतं.

निवांत

काका, या विषयावर वेगळा धागा काढाच. ३९ मिनिटं म्हणजे लोकल चुकण्याचं पूर्ण सरकारी कारण!

घड्याळवाला_काका

काढतो सवडीने. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वेळच वेळ आहे.

रात्रपाळी

मी सर्वर सांभाळतो म्हणून माझे दोन पैसे. नियम कितीही सुंदर लिहा, शेवटी तो चालवणारा एक जॉब लागतो आणि बहुतेक लोक क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी जॉब चालवणारी सर्वरमधली सोय, वापरतात. क्रॉनमधे तारखेचा आणि वाराचा असे दोन रकाने आहेत. बँका २०१५ च्या १ सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. एका ठिकाणी आमच्या गड्याने 'दुसऱ्या शनिवारी चेक जमा होणार नाहीत' असा मेसेज लावला. तारीख ८ ते १४, वार शनिवार. वाचायला अगदी बरोबर. पण क्रॉन दोन्ही रकाने भरले की 'आणि' धरत नाही, 'किंवा' धरतं. म्हणजे ८ ते १४ रोज, शिवाय सगळे शनिवार. ग्राहकांना वाटलं बँकच बुडाली. क्रॉनला फक्त शनिवार सांगा आणि तारीख ८ ते १४ मधे आहे का ते स्क्रिप्टमधे तपासा.

आणि सर्वर यूटीसीवर असेल तर भारतातले सकाळचे ९ म्हणजे तिथे पहाटे ३:३०. हे ठीक. पण 'दर महिन्याच्या १ तारखेला रात्री २' म्हणजे यूटीसीत आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री ८:३०, आणि साध्या क्रॉनला शेवटचा दिवस म्हणजे काय ते कळतच नाही. झोन लावा.

तिसरं, हे कोणी विचारलं नाहीये म्हणून सांगतो. जॉब चालायच्या वेळी सर्वर बंद असेल तर काय? उत्तर प्रत्येक कार्यक्रमाला वेगळं आहे. पहाटे ५:३० चा 'पाणी आलंय, भरून घ्या' हा मेसेज सर्वर ११ ला उठल्यावर पाठवला तर शिव्या खाल. तो टाकून द्यायचा. पण बिल उशिरा का होईना गेलंच पाहिजे, आणि एकदाच गेलं पाहिजे. लोक 'चुकलं तर परत पाठव' एवढंच लिहितात आणि सर्वर तीनदा रीस्टार्ट झाला की तीन बिलं जातात. म्हणून प्रत्येक ओळीवर 'पाठवलं' अशी खूण ठेवा आणि 'अमुक वेळेनंतर पाठवण्यात अर्थ नाही' असा एक रकाना ठेवा. लिनक्सवर सिस्टमडीचे टायमर आहेत, त्यात पर्सिस्टंट चालू केलं की मशीन बंद असताना हुकलेला जॉब उठल्यावर चालतो. पण तो सरसकट चालतो, पाणी की बिल हे त्याला कळत नाही. ते तुम्हीच ठरवायचं.

मुग्धा_लिहिते

रात्रपाळी, 'पाठवण्यात अर्थ नाही' हा रकाना आमच्या सोसायटीतल्या काही मेंबरांनाही लावायला हवा.

सकाळचा_चहा

एक शंका. सर्वर कशाला? फोनमधेच अलार्म लावून टाका ना अ‍ॅपमधून. माझं औषधाचं अ‍ॅप तसंच आहे.

रात्रपाळी

@सकाळचा_चहा, आणि ते वेळेवर वाजतं का?

सकाळचा_चहा

नाही ना! तेच विचारणार होते. आईच्या बीपीच्या गोळीची आठवण रात्री ९ ची असते, ती कधी ९:२० ला येते, कधी ती फोन हातात घेते तेव्हा येते.

आयटी_हमाल

ताई, अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, डोझ नावाचा प्रकार आहे. फोन टेबलावर नुसता पडून असला की तो झोपतो आणि साधे अलार्म पुढे ढकलतो. अचूक वेळ हवी असेल तर अ‍ॅपला वेगळ्या पद्धतीने अलार्म मागावा लागतो, अँड्रॉइड १२ पासून त्याला वेगळी परवानगी लागते आणि १४ मधे तर बऱ्याच नवीन अ‍ॅपना ती आपोआप मिळत नाही, सेटिंगमधे जाऊन द्यावी लागते. शिवाय फोन बंद करून चालू केला की सगळे अलार्म पुसले जातात, अ‍ॅपने ते परत लावायचे असतात आणि आळशी अ‍ॅप लावत नाहीत. वर काही फोनवाल्यांचा स्वतःचा बॅटरी सेव्हर असतो, तो अ‍ॅपलाच झोपवतो. आईच्या फोनमधे दोन गोष्टी बघा, त्या अ‍ॅपला 'अलार्म आणि रिमाइंडर' ची परवानगी आहे का, आणि बॅटरीच्या यादीत त्याला 'निर्बंध नाही' आहे का.

आयफोनवर आणखी वेगळी गंमत, एका अ‍ॅपच्या ६४ च सूचना आधीपासून रांगेत राहतात. म्हणून सोसायटीच्या अ‍ॅपने सर्वरवरून पाठवणंच बरं. गोळीचं मात्र फोनमधेच हवं, नेट नसलं तरी वाजलं पाहिजे.

सकाळचा_चहा

दोन्ही बंद होतं! चालू केलं. कळवते. खूप धन्यवाद.

खजिनदार_बी_विंग

मंडळी, वही भरत आली. पण संकष्टी राहिली. पोरांनी 'दर महिन्याला, पौर्णिमेनंतर चार दिवसांनी' असं लिहिलंय. मला शंका आहे.

पंचांगी

शंका रास्त आहे. पोरांना म्हणावं, हात जोडतो, हे करू नका.

तिथी म्हणजे दिवस नव्हे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी झाली, आणि चंद्राचा वेग सारखा नसल्यामुळे तिला कधी १९ तास लागतात तर कधी २६. त्यामुळे एखाद्या तिथीला सूर्योदयच मिळत नाही, तिचा क्षय, आणि एखादीला दोन मिळतात, तिची वृद्धी. संकष्टीला तर सूर्योदय नाही, चंद्रोदयाला चतुर्थी आहे का ते बघायचं. म्हणजे पौर्णिमेनंतर कधी तीन दिवस, कधी चार. चंद्रोदयही गावागणिक बदलतो, नागपूरला मुंबईच्या साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी. क्वचित तिथी सीमेवर असली तर दोन गावांची तारीख वेगळी येऊ शकते.

आणि यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. गणेश चतुर्थी बघा, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, यंदा १४ सप्टेंबर. अकरा दिवस मागे, मग अठरा दिवस पुढे. कुठल्या 'दर वर्षी' मधे बसवणार?

आयटी_हमाल

पंचांगींच्या म्हणण्यात भर. आयकॅलेंडरला २०१५ मधे एक जोड आली, आरएफसी ७५२९, त्यात इंग्रजी सोडून इतर कॅलेंडरांत नियम लिहिता येतो. चिनी, हिब्रू, इथिओपियन. अधिक महिन्याचीही सोय आहे, कारण चिनी आणि हिब्रू कॅलेंडरांतही तो असतो. मी आनंदाने आपलं शोधायला गेलो. 'इंडियन' नावाने जे सापडतं ते सरकारी शक कॅलेंडर, २२ मार्च १९५७ ला १ चैत्र १८७९ म्हणून सुरू झालेलं. ते सौर आहे, त्यात तिथी नाही. संकष्टी त्यात बसत नाही.

पंचांगी

आकाशवाणीवर तारखेनंतर सांगायचे ते. मेघनाद साहांच्या समितीचं काम. पण घरात कोणी त्यावर उपास धरला नाही.

खजिनदार, सरळ उपाय सांगतो. नियम करू नका, यादी करा. वर्षाच्या सुरुवातीला पंचांगातून ठाण्याच्या चंद्रोदयासकट तारखा घ्या आणि भरा. यंदा १३ संकष्ट्या आहेत. ६ जानेवारीची अंगारकी झाली, ५ मेची यायचीये.

शेतकरी_पोर

म्हणजे काकांची पोरं पण बरोबर निघाली की! तारखा ओतायच्या म्हणत होती.

तिरकस

संकष्टीपुरती. गणपती पोरांना पावला.

खजिनदार_बी_विंग

मान्य, मान्य. तर आत्तापर्यंतचं ठरलेलं: मीटिंग आणि बिल नियमाने, पाणी वॉर्डला विचारून, टाकी मागच्या टिकमार्कपासून, संकष्टी यादीने. मागच्या ओळी गोठवलेल्या.

राहिली एजीएम. ती यंदा विसर्जन झाल्यावर, २७ सप्टेंबरच्या रविवारी धरलीये. नोटीस १४ पूर्ण दिवस आधी. मी उलटं मोजून १३ तारखेला मेसेज लावला.

मुग्धा_लिहिते

काका थांबा! १४ पूर्ण दिवस म्हणजे नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून. १३ ते २६ हे मधले चौदा, म्हणून नोटीस उशिरात उशिरा १२ ला. आणि १४ ला गणपती, निम्मी सोसायटी १२-१३ ला कोकणात पळालेली असते. मी तर म्हणते ५ लाच वाटा. अ‍ॅपमधे 'सभेआधी इतके दिवस' असंच ठेवा, तारीख लिहून टाकू नका, सभा पुढे गेली तर नोटीसही तिच्याबरोबर सरकली पाहिजे.

रात्रपाळी

पण नोटीस एकदा वाटून झाल्यावर सभा सरकली तर मात्र आपोआप काही करू नका, माणसाला विचारा. ती नवीन नोटीस असते.

खजिनदार_बी_विंग

बरोबर. १३ चा मेसेज काढला. २२ दिवस आधी असं लावलं, ५ सप्टेंबर येतोय. पंचांगी, ठाण्याची यादी मिळेल का? एक्सेल चालेल.

पंचांगी

शुक्रवारपर्यंत पाठवतो. दोन गोष्टी. एक, अधिक ज्येष्ठातली संकष्टी पण यादीत असेल, पुढच्या महिन्यात परत ज्येष्ठ दिसला म्हणून डुप्लिकेट समजून उडवू नका. दुसरं, चंद्रोदयाची वेळ २४ तासांच्या पद्धतीने लिहीन.

आयटी_हमाल

तारीखही वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा. एक्सेलचं सेटिंग अमेरिकन असलं की ५ एप्रिलचा ४ मे होतो.

तिरकस

म्हणजे अंगारकीच्या आदल्या दिवशी अख्खी बी विंग ताम्हण घेऊन गेटवर.

खजिनदार_बी_विंग

ए विंग. बी विंगवाले चंद्र बघून खाली येतात, ए विंगच नोटिफिकेशनवर चालते.

सकाळचा_चहा

मधेच घुसते, आईचं काल ९:०० ला वाजलं. परवानगीच नव्हती. आता ती म्हणते आवाज फार मोठा आहे.